ईसीजी नॉर्मल, मग चक्कर कशाची?

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची आहे. आम्ही बेंबळीला (जि. धाराशिव) राहतो. गेल्या पाच-सहा महिन्यांपासून तिला मधूनच चक्कर येते आणि छातीत धडधड होते. कधी म्हणते, ‘डोळ्यापुढं अंधारी यायलीय’, तर कधी म्हणते, ‘भूकंपाच्या रातीवाणी जमीन हलायलीय’. दोन वेळा धाराशिवला नेऊन दाखवलं. ईसीजी नॉर्मल आला, रक्तातही विशेष काही निघालं नाही. तिला बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे. कुणी म्हणतं पित्त आहे, कुणी म्हणतं मानेचा मणका झिजलाय, कुणी म्हणतं बीपी लो होतंय, मीठ-लिंबाचं पाणी द्या. सलाईन लावलं की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. ईसीजी नॉर्मल असताना धडधड होतेच कशी? आम्ही नेमकं काय करावं? आणि आई म्हणते, ‘वय झालं माझं, कशाला पैसे घालवता’. तिला काय सांगावं?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन गाठी एकमेकींत अडकल्या आहेत. चक्कर कशाने येते, धडधड कशाने होते, आणि तपासणीत दोन्ही सापडत का नाहीत? शेवटची गाठ आधी सोडवू, म्हणजे बाकीच्या दोन सैल होतील.

शेतातली मोटर रात्री मधूनच ट्रिप होते असं समजा. सकाळी लाइनमन येतो, बटण दाबतो आणि मोटर सुरळीत चालते. ‘काही फॉल्ट नाही,’ असं सांगून तो निघून जातो. तो खोटं बोलत नाही. तो आला तेव्हा फॉल्ट नव्हता, एवढंच. ईसीजीचंही असंच आहे. नेहमीच्या ईसीजीत सुमारे दहा सेकंदांची नोंद होते. दिवसाचे सेकंद असतात ८६,४००. म्हणजे दिवसाच्या ८,६४० तुकड्यांपैकी एकच तुकडा डॉक्टरांच्या हाती लागला. त्या तुकड्यात आई टेबलावर शांत पडलेल्या होत्या आणि धडधड होत नव्हती, तर ती कागदावर उमटणार कशी? तेव्हा ‘ईसीजी नॉर्मल’ याचा अर्थ ‘त्या दहा सेकंदांत हृदयाची लय ठीक होती’ एवढाच घ्यायचा. तरीही तो कागद जपून ठेवा. जुन्या झटक्याची खूण किंवा हृदयाच्या वायरिंगमधला अडथळा कधी कधी शांत वेळीही दिसतो, आणि पुढच्या ईसीजीशी ताडून पाहायला तो हाताशी लागतो.

ही अडचण वैद्यकशास्त्राला जुनीच आहे. नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोवन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजीचं यंत्र तयार केलं. ते इतकं अवजड होतं की रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून त्याच्याजवळ बसावं लागे. या शोधासाठी त्यांना १९२४ मध्ये नोबेल मिळालं, पण यंत्रापाशी बसलेल्या माणसाची धडधड त्याच वेळी व्हावी, हा योग कोण जुळवणार? अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी यावर उपाय काढला. यंत्र माणसाच्या अंगावरच ठेवायचं आणि माणसाला त्याच्या कामाला जाऊ द्यायचं. त्यांचं पहिलं यंत्र पाठीवर वागवायचं होतं आणि त्याचं वजन ३८ किलोच्या घरात होतं. आज तेच काम मुठीत मावणारी डबी करते. तिला अजूनही होल्टर म्हणतात. तिच्याबद्दल पुढे बोलूच.

दोन चक्करा, दोन वाटा

आता चक्करेकडे येऊ. ‘चक्कर’ या एका शब्दात आपण बरंच काही कोंबतो : गरगरणं, भोवळ, अंधारी, झोक जाणं, तोल सुटणं. डॉक्टरांसाठी या वेगवेगळ्या तक्रारी आहेत, कारण प्रत्येकीची वाट वेगळ्या अवयवाकडे जाते. आईंनी मात्र तुम्हाला दोन वेगळी वाक्यं सांगितली आहेत, आणि तुम्ही ती दोन्ही जशीच्या तशी लिहिली. तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

‘भूकंपाच्या रातीवाणी जमीन हलते’ हे पहिलं वाक्य घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरची जमीन हलली, ती रात्र तुमच्या भागातल्या माणसांच्या अंगात मुरलेली आहे. त्या अनुभवाची आठवण करून देणारी चक्कर म्हणजे बहुधा घर फिरतंय, खाट हलतेय असा भास होणारी चक्कर. तिचं मूळ बरेचदा आतल्या कानात असतं. तिथे तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत कॅल्शियमचे अगदी बारीक खडे असतात. वयानुसार ते जागचे सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत शिरतात. मग कूस बदलली, वर माळ्याकडे पाहिलं किंवा खाली वाकलं की खडे घरंगळतात आणि डोकं हललं त्यापेक्षा कितीतरी जास्त हलल्याची खोटी बातमी मेंदूला पोचते. ही चक्कर मिनिटाच्या आत ओसरते, पण तेवढ्यात जीव घाबरा होतो, मळमळतं, उलटी होते. घाबरल्यामुळे छाती धडधडते. म्हणजे इथे चक्कर आधी आणि धडधड तिच्या मागून. कान-नाक-घशाचे डॉक्टर खाटेवर झोपवून, मान ठरावीक कोनात वळवून हे तपासतात, आणि तशाच एका कसरतीने खडे पुन्हा जागेवर आणतात. ती त्यांच्याकडूनच करून घ्या. मोबाइलवर पाहून आईंची मान वळवू नका.

दुसरं वाक्य, ‘डोळ्यापुढं अंधारी येते’, वेगळ्या वाटेने जातं. इथे घर फिरत नाही. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं, म्हणून डोळ्यांपुढे काळोख येतो, कानात सूं आवाज होतो, पाय लटपटतात. रक्त कमी पडण्याची मोठी कारणं दोन : नळातला दाब कमी होणं, किंवा पंपाचा ठोका बिघडणं.

दाबाचं आधी पाहू. आपण उठून उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या तत्काळ हाक देतात, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थोडं वेगाने धावतं आणि दाब सावरतो. तरुणपणी हे इतक्या झटपट होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. वय वाढलं, शुगरने नसा मंदावल्या, अंगात पाणी कमी पडलं किंवा औषधाने रक्तवाहिन्या सैल पडल्या, की ही हाक उशिरा पोचते. तेवढ्या वेळात अंधारी येते. हृदय दाब सावरायला धावतं, त्याची धडधड जाणवते. ही धडधड आजार नव्हे, ती हृदयाची धडपड आहे.

पंपाचं दुसरं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठोक्याची ठिणगी पाडणारी एक जागा असते. ती दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठिणगी पाडते. म्हातारपणी ती थकते. कधी हृदयाचे वरचे कप्पे स्वतःच फडफडू लागतात, ठोके भरधाव आणि बेताल होतात. ही फडफड थांबली की मूळ जागेने लगेच काम हाती घ्यायला हवं, पण ती दोन-चार सेकंद जागीच होत नाही. तेवढा वेळ ठोकाच नाही. त्यामुळे अंधारी येते, माणूस कोसळतो. या प्रकारात क्रम उलटा असतो : आधी धडधड, मग ती थांबते, मग अंधारी. म्हणूनच ‘आधी काय झालं?’ हा एक प्रश्न आईंना दर वेळी विचारा. त्याच्या उत्तराने निम्मं निदान होतं.

कारणं घरातच असतात

पहिली गोष्ट गोळ्यांची. रक्तदाबाच्या गोळीची हकिगत महाराष्ट्राशी जोडलेली आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा परिणाम इंग्लंडच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. वाढलेला दाब गोळीने उतरवता येतो, हे जगाला पटण्यात त्या लेखाचा मोठा वाटा होता. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पारितोषिक मिळालं. मूळचे मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि कोकणातले असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या प्राझोसिनने सैल होतात, आणि तो गुण तिथे प्राण वाचवतो. पण हाच गुण म्हाताऱ्या माणसाला अडचणीचाही ठरतो. या कुळातल्या गोळ्या प्रोस्टेटसाठी अनेक वडिलांना दिल्या जातात. रात्री लघवीला उठले की सैल पडलेल्या रक्तवाहिन्यांमुळे दाब एकदम उतरतो आणि अंधारात पडायला होतं. औषध वाईट नसतं. मात्रा, वेळ आणि वय यांचा मेळ बसवावा लागतो.

म्हणून पुढच्या भेटीला जाताना आईंच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. ‘सगळ्या’ म्हणजे मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गुडघेदुखीच्या, सर्दीच्या आणि झोपेच्याही. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी जठराला व्रण पडतो, त्यातून रक्त झिरपत राहतं, हिमोग्लोबिन उतरतं. रक्त पातळ झालं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून धडधड आणि चक्कर दोन्ही. शौच डांबरासारखी काळी होत असेल तर हेच कारण समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. सर्दीच्या काही गोळ्यांनीही ठोके वाढतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडच्या अनेक म्हाताऱ्या बायका मुद्दाम पाणी कमी पितात. गुडघे दुखतात, रात्री अंगणातल्या संडासापर्यंत जाणं जिवावर येतं, म्हणून संध्याकाळनंतर तांब्याला हातच लावत नाहीत. धाराशिवचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. त्यात बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर सकाळी उठताना अंधारी येणं साहजिक आहे. सलाईन लावल्यावर दोन दिवस का बरं वाटतं, याचंही उत्तर बहुधा इथेच आहे.

तिसरी गोष्ट मिश्रीची. आई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असतील तर ती तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जातं आणि ठोके वाढवतं. ‘मी तंबाखू खात नाही’ असं त्या डॉक्टरांना मनापासून सांगतील, कारण मिश्री म्हणजे तंबाखू हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. तुम्हीच सांगा.

चौथी उपासाची. तुळजापूर तुमच्याच जिल्ह्यात, नवरात्रातले नऊ दिवस घरोघरी उपास. शुगरच्या काही गोळ्या पोटात अन्न गेलं नाही तरी साखर उतरवतच राहतात. साखर ७० च्या खाली गेली की दरदरून घाम, धडधड, हात थरथरणं आणि चक्कर येते. ही चक्कर साखर-पाणी दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ओसरते, तीच तिची खूण. उपास धरायचा की नाही हे आईंनी ठरवावं, पण गोळी कशी घ्यायची हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

आता ऐकीव समजुतींकडे

‘पित्त चढलं.’ चक्करेबरोबर उलटी होते आणि तिच्यात पिवळं-हिरवं पाणी पडतं, म्हणून हा समज झाला. रिकाम्या पोटी कुठल्याही कारणाने उलटी झाली तरी पित्तरस पडतोच. कानातल्या बिघाडाने चक्कर आली, चक्करेने उलटी झाली, उलटीत पित्त पडलं, असा तो क्रम आहे. पित्त सगळ्यांच्या शेवटी येतं आणि दोष मात्र त्याच्याच माथी बसतो.

‘मानेचा मणका झिजला.’ सत्तरीतल्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसेलच. झिजेने मान दुखते, हाताला मुंग्या येतात. चक्कर मात्र तिच्यामुळे क्वचितच येते. एक्स-रेत दिसलेली झीज हेच उत्तर मानून गळ्यात पट्टा बांधला की खऱ्या कारणाचा शोध थांबतो, आणि खरं नुकसान ते.

‘बीपी लो होतंय, मीठ-पाणी द्या.’ आईंना बीपीचा आजार आहे. त्यांना रोज मीठ-लिंबाचं पाणी देणं म्हणजे गोळीने उतरवलेला दाब मिठाने चढवणं. बीपी लो होतंय की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही. सलाईनचा हिशेब तर डोळ्यांपुढे ठेवाच : लिटरभर नॉर्मल सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या जेवणात मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईन तारून नेतं. ताकदीसाठी म्हणून वरचेवर लावलं तर दुबळ्या हृदयावर त्याचा भार पडतो आणि धाप लागते.

‘गोळीनेच चक्कर येते, बंद करून टाकू.’ गोळीवर शंका घेणं योग्य आहे, पण ती परस्पर बंद करणं धोक्याचं. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर ठोके आणि दाब उसळतात. शंका डॉक्टरांना सांगा. पुष्कळदा मात्रा कमी करून किंवा सकाळची गोळी रात्री नेऊन काम भागतं.

घरी काय करायचं

घरातल्या नववी-दहावीतल्या मुलीकडे किंवा मुलाकडे हे काम सोपवा. आधी नाडी पाहायला शिकवा. आजीचा तळहात वर करायचा, अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं हलकेच ठेवायची. अंगठा ठेवायचा नाही, कारण त्याचे स्वतःचेच ठोके जाणवतात. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर मधला चुकलेला ठोका निसटतो. बसलेल्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. पण आकड्याइतकीच लयही पाहायची. भजनातल्या टाळासारखी एकसारखी चालली आहे? मध्येच एखादा ठोका गळून पुढचा जोरात येतोय? की पत्र्यावर पडणाऱ्या वळवाच्या पहिल्या थेंबांसारखी, कुठल्याच हिशेबात न बसणारी आहे? मधूनच गळणारा ठोका बरेचदा निरुपद्रवी असतो. थेंबांसारखी बेताल नाडी मात्र वरच्या कप्प्यांच्या फडफडीची खूण आहे. अशा फडफडणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली तर लकवा होतो. या आजारात तो धोका सुमारे पाचपट वाढतो, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी तो बराच कमी करता येतो. तीन बोटांनी एवढं कळू शकतं.

मग बीपी. दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. सकाळी आईंना पाच मिनिटं आडवं पडू द्या आणि बीपी मोजा. उभं राहायला सांगा, मिनिटाभराने पुन्हा मोजा, तीन मिनिटांनी परत मोजा. मोजताना शेजारी धरायला कुणीतरी हवंच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर अंधारीचं एक कारण हाती आलं. दवाखान्यातल्या गर्दीत बहुधा बसवूनच बीपी मोजतात, म्हणून ही घसरण तिथे दिसत नाही. ती तुम्हालाच दाखवावी लागते.

तिसरी वही. प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहा : तारीख आणि वेळ, आई काय करत होत्या (उठत होत्या, कूस बदलत होत्या, जेवून बसल्या होत्या, की नुसत्याच बसल्या होत्या), आधी काय झालं, किती वेळ टिकलं, आणि नाडी-बीपीचे आकडे. धडधड बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबली, की हळूहळू चढून हळूहळू उतरली, हेही लिहा. एकदम सुरू-बंद होणारी बहुधा हृदयाच्या वायरिंगची असते. हळूहळू चढणाऱ्या धडधडीमागे ताप, रक्त कमी असणं, थायरॉइड किंवा मनातली धास्ती असू शकते. चार आठवड्यांत त्या वहीत एक नक्षी दिसू लागते. आणि एक गोष्ट आधीच सांगतो : नक्षी एकच नसेल, दोन असतील. म्हातारपणी दोन-तीन लहान कारणं एकत्र नांदतात. आईंची दोन वाक्यं पाहता त्यांच्याबाबत तशी शक्यता बरीच आहे.

डॉक्टरांकडे काय विचारायचं

वही आणि गोळ्यांची पिशवी पुढे ठेवून विचारा : हिमोग्लोबिन, साखर, सोडियम-पोटॅशियम, किडनी आणि थायरॉइड यांची तपासणी झाली आहे का? म्हातारपणी थायरॉइड वाढला तरी गळ्याला गाठ दिसेलच असं नाही. नुसती धडधड आणि वजन उतरणं एवढंच दिसतं. मग टू-डी इको. ईसीजी हृदयाची वायरिंग दाखवतो, इको भिंती आणि दारं दाखवतो. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हेही आईंना विचारून ठेवा. त्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात आणि पुढे वरचे कप्पे फडफडू लागतात.

त्यानंतर होल्टर. छातीला पट्ट्या चिकटवून ती डबी चोवीस तास किंवा जास्त वेळ अंगावर ठेवतात. सोलापूर-लातूरला ही सोय मिळते. त्या दिवशी आईंना खाटेवर बसवून ठेवू नका. रोजच्यासारखं चालू द्या, भाकरी थापू द्या, देवळात जाऊ द्या. चक्कर आली की वेळ लिहायची, म्हणजे त्याच मिनिटाचा ठोका डॉक्टर शोधून पाहतील. तक्रार पंधरा दिवसांतून एकदाच होत असेल तर चोवीस तासांतही ती सापडणार नाही. तेव्हा अनेक दिवस नोंद घेणारं यंत्र लागतं. लाइनमनला फॉल्टच्या वेळी मोटरपाशी उभं करण्याचाच हा खटाटोप आहे.

ठोके थांबत असल्याचं निघालं तर पेसमेकर बसवावा लागेल. त्याची भीती घेऊ नका. १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन नावाच्या गृहस्थाचं हृदय दिवसातून वीस-तीस वेळा थबकून शुद्ध हरपत असे. त्याची बायको सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट यांच्या मागेच लागली. शरीरात बसवायचं यंत्र अजून तयार नाही, असं ते सांगत राहिले. ‘मग तयार करा,’ हाच तिचा हेका होता. ८ ऑक्टोबर १९५८ ला जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर त्याला लागला आणि काही तासांतच बंद पडला. मग दुसरा बसवला. आयुष्यभरात वीसहून जास्त पेसमेकर बदलत तो ८६ वर्षांचा होऊन २००१ मध्ये वारला. तोवर सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघंही जग सोडून गेले होते. आज हे यंत्र काडेपेटीहून लहान असतं आणि कित्येक वर्षं चालतं.

थांबायचं नाही अशा वेळी

पुढीलपैकी काहीही झालं तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा : बसल्याजागी किंवा पडल्यापडल्या शुद्ध हरपणं, छातीत दाब, घाम किंवा धाप, तोंड वाकडं होणं, जीभ जड पडणं, एक हात-पाय लुळा पडणं, चक्करेबरोबर नाडी ४० च्या खाली किंवा बसलेली असतानाही १२० च्या वर टिकून राहणं. चक्कर येऊन पडल्यावर कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं याने वेळच जातो. सपाट जमिनीवर झोपवा, पाय उशीवर उंच करा, गर्दी हटवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. आणि शक्य झालं तर त्याच क्षणी नाडीवर बोटं ठेवा. त्या मिनिटाचा आकडा पुढे कुठल्याही पैशाने विकत मिळत नाही.

आईंना काय सांगायचं

पैशाचं आधी सांगा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांना त्याचं संरक्षण आहे. आईंचं आधार कार्ड घेऊन ते काढून घ्या, आणि कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार बसतो ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. धाराशिवला जिल्हा रुग्णालयाबरोबर २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. सुरुवात तिथून करता येईल.

मग वयाचं सांगा. वय झालं की अशा तक्रारी जास्त होतात हे खरं, पण आईंच्या चक्करेचं कारण कदाचित एक गोळी असेल, दोन तांबे पाणी असेल, नाही तर कानातले चार खडे असतील. यातलं काहीही खर्चाचं नाही. उलट हयगय केली आणि चक्कर येऊन न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, तर खर्चही येईल आणि सगळं घर महिनोन्‌महिने खाटेभोवती बांधलं जाईल. तेच टाळण्यासाठी ही धडपड आहे.

आणि शेवटी त्यांना एक विनंती करा. आपल्या आया दुखणं अंगावर काढतात आणि ‘काही नाही गं, जरा गरगरलं’ एवढ्यावर उडवून लावतात. पण त्या रात्रीचा भूकंप त्यांना विचारून पाहा. कुठे निजलो होतो, आधी आवाज आला की आधी हादरा, कुणाचा हात धरून बाहेर पळालो, किती वेळ अंगण हलत होतं, हे सगळं त्या आजही अचूक सांगतील. चक्करेचंही तसंच सांगा म्हणावं, नात लिहून घेईल.